मुलाचे कॉलेज कोणी ठरवावे?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, मिळतील ती पुस्तके आणि करारांचे कागद वाचून. पण बारावीचा निकाल लागला की याच कचेरीत विडी वळणाऱ्या बाया आणि यंत्रमागावरचे कामगार मुलांच्या गुणपत्रिका घेऊन येतात. "साहेब, पोराला कुठल्या विद्यापीठात घालू? पुण्याला का इथंच?" असे विचारतात.

प्रथम या विद्यापीठाच्या नावाचे पाहू. आपले दयानंद कॉलेज १९४० साली निघाले तेव्हा पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का असे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाले, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आले आणि २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आज त्याला अहिल्यादेवींचे नाव आहे. कॉलेज तेच, शिक्के चार! शिक्का विद्यापीठाचा असतो. शिकणे होते ते वर्गात आणि प्रयोगशाळेत. म्हणून आधी वर्ग पाहावा, मग नाव.

हे शहाणपण आम्हांला फुकट मिळाले नाही. काही वर्षांपूर्वी एका विडी कामगार बाईंचा मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला. आम्ही छाती ठोकून सांगितले, पुण्याला पाठवा, इंजिनिअर करा. आईने बचत गटातून कर्ज काढले. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही. कॉटबेसिसवर जागा, मेसचा डबा, बसभाडे. दिवाळीला मुलगा घरी आला तो परत गेलाच नाही. पुढे यंत्रमागावर भेटला तेव्हा म्हणाला, "काका, मला फिजिक्स घ्यायचं होतं. ते इथंही मिळत होतं. पण तुम्ही कुणी विचारलंच नाही."

करारावर सही होण्यापूर्वी कामगाराला प्रत्येक कलम वाचून दाखवणारे आम्ही. पण ज्याला तीन-चार वर्षे राबायचे, त्या मुलाला आम्ही एकही कलम दाखवले नव्हते. त्याचे ते वर्ष आमच्या खात्यावर नावे आहे.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. पहिला प्रश्न आईबापांना नाही, मुलाला: तुला काय शिकायचे आहे? मग एका कागदावर पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च मांडायचा. नुसत्या फीवर भुलू नये. २०२४ साली शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील, ठरावीक गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले. फार चांगले झाले. पण खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण त्यात येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. तशी योजना तिथे आहे का, हेही विचारावे. शेवटी, प्रवेशाआधी कामाच्या दिवशी कॉलेजात जावे आणि तिथल्या मुलांना एवढेच विचारावे: "काल किती तास झाले?" माहितीपत्रकात न छापलेले उत्तर तिथे मिळते.

याचा अर्थ मुलांना गावाबाहेर धाडू नये असा कोणी घेऊ नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापूरचे, गिरणीतल्या कारकुनाचे चिरंजीव. ते मुंबईला डॉक्टरी शिकले आणि १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर थेट चीनला गेले. जाणाऱ्याला अडवू नये. मात्र त्याला जायचे आहे की आपल्याला त्याला पाठवायचे आहे, एवढे आधी ओळखावे.

आणि मुलींच्या बाबतीत एक विनंती. मुलाची चर्चा पुणे की मुंबई अशी होते. मुलीची मात्र घरापासून किती लांब, एवढ्यावर संपते. आज घरी गेल्यावर तिलाही विचारा. उत्तर गैरसोयीचे आले तरी ऐकून घ्या.