गाडीचा श्वास

आमच्या दहिसरची पोरं गाडीला महागडा एअर फिल्टर बसवतात आणि सांगतात, ‘‘चाचा, गाडी पळते बघा!’’ पळते किती? वाढतो तो आवाज, आणि आवाजाला तर आम्ही कवीही भुलतो. बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर इंजिनाजवळची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ. तिच्यात प्राणवायू कमी, म्हणून ताकदही कमी. २००९ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं तुंबलेले फिल्टर तपासले. नव्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज तरीही फारसं घटलं नाही. वेग घ्यायला तेवढा वेळ लागला. मग मोकळ्या फिल्टरनं मायलेज वाढणार कुठून? चेकनाक्याच्या धुळीत कंपनीचा साधा कागदी फिल्टरच वेळेवर बदलावा. जाळी सैल असली, की तीच धूळ आत जाऊन सिलिंडर घासत राहते.