घसादुखी आणि औषधांना न जुमानणारे जंतू
(ट्रस्टच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



एखाद्या मोठ्या रोगावर मी बोलावे, अशी कार्यकर्त्यांची इच्छा होती. घसादुखी हा विषय मी आग्रहाने मागून घेतला, त्याला कारण आहे. अनेक वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलाला धाप लागते म्हणून माझ्याकडे आणले होते. छातीला नळी लावताच हृदयाची झडप बिघडल्याचे कळले. त्याचा घसा वरचेवर दुखत असे. दुकानातून गोळ्या आणावयाच्या आणि ताप उतरला की बंद करावयाच्या, असा घरचा शिरस्ता होता.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. सोबत सर्दी-खोकला असेल, आवाज बसला असेल, तर ती प्रायः याच प्रकारची. तीवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. ती आठवड्याभरात आपोआप बरी होते आणि श्रेय मात्र गोळीला मिळते! परंतु पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला खोकला नसताना ताप आला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, जबड्याखालच्या गाठी दुखू लागल्या, तर स्ट्रेप्टोकोकस या जंतूची शंका घ्यावी. त्यावर योग्य उपचार झाले नाहीत, तर काही मुलांत शरीराची संरक्षक यंत्रणा जंतूशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. हाच संधिवाताचा ताप. म्हणूनच या जंतूवर पेनिसिलिनच्या गोळ्या पूर्ण दहा दिवस देतात.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली होती. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणतो, अपुरे घेतो; जंतू मरत नाहीत, उलट तयार होतात. पुढे तेच जंतू पत्नीला बाधतात आणि औषध चालत नसल्याने ती दगावते. चूक पतीची, शासन पत्नीला.

सुदैवाने घशाचा हा जंतू आजही पेनिसिलिनला शरण येतो. पण एरिथ्रोमायसिन आणि आपल्याकडे सर्वपरिचित झालेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी यांना तो अनेक ठिकाणी दाद देईनासा झाला आहे. फिनलंडमध्ये १९९२ साली या जंतूच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी १६.५ टक्के एरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते. तेथील डॉक्टरांना या गटातील औषधे जपून वापरण्याची सूचना देण्यात आली, वापर घटला, आणि १९९६ साली हे प्रमाण ८.६ टक्क्यांवर आले. साऱ्या समाजाने हात आवरला, म्हणून हे घडले.

आपल्यापैकी अनेक बंधू औषधांच्या व्यवसायात आहेत. त्यांनी रागावू नये, पण ही औषधे चिठ्ठीवाचून देणे कायद्यात बसत नाही. पट्टीवरची उभी तांबडी रेघ ओळखावी, यासाठी २०१६ साली केंद्र शासनाने मोहीमही काढली होती. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल, ही त्यांची अडचण मला ठाऊक आहे. आम्हा डॉक्टरांचेही काही निराळे नाही; रुग्ण नाराज होऊ नये म्हणून आम्हीही पुष्कळदा नको ती गोळी लिहितो.

त्या मुलाला पुढे कित्येक वर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागले. ते फार दुखते. आई त्याचा हात धरून बसे आणि दर वेळी मला एकच विचारी, "डॉक्टरसाहेब, तेव्हा दहा दिवस गोळ्या दिल्या असत्या, तर?"