टगबोटीचे भाडे आणि खलाशाची हजेरी



बंदराच्या अर्थकारणाची चर्चा निघाली की ती क्रेन, कंटेनर, गोदामे आणि धक्क्यावरचा कामगार यांच्याभोवती फिरते. जहाज धक्क्याला कसे लागले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः दोन-अडीचशे मीटर लांबीच्या जहाजाची गती मंदावली की त्याच्या सुकाणूचा अंमल जवळजवळ संपतो. वारा आणि प्रवाह यांच्या ओढीत सापडलेले ते अवजड धूड अलगद आणून धक्क्याशी टेकविण्याचे काम दोन-तीन टगबोटी करतात. मुंबईच्या इंदिरा गोदीत शिरणाऱ्या जहाजाला तर लॉक गेटच्या अरुंद वाटेतून जावे लागते. तेथे टगचा दोर वेळेवर ताणला गेला नाही तर काय होईल, हे गोदीतल्या कोणत्याही सारंगाला विचारावे.

या टगबोटी कोण भाड्याने घेतो आणि त्यांचे पैसे कोण, कोणत्या मापाने देतो, हा आजचा विषय आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु सार्वजनिक सेवेचे खाजगीकरण दरपत्रकाच्या आणि निविदेच्या कलमांतून कसे घडत जाते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

भारताच्या प्रमुख बंदरांत जहाजाचा मालक टगचे भाडे वेगळे देत नाही. पायलट आणि टग यांचा मिळून एकच आकार असतो आणि तो जहाजाच्या ढोबळ टनेजवर बसतो. तीस हजार टनांपर्यंत एक दर, पुढे साठ हजारांपर्यंत दुसरा, त्यावर तिसरा, अशी उतरंड १९९७ साली स्थापन झालेल्या दरनिश्चिती प्राधिकरणाच्या काळात रूढ झाली. जहाज आत आणणे, बाहेर सोडणे आणि बंदराच्या सोयीसाठी ते हलविणे, एवढे सारे त्या आकारात धरलेले असते. किनारी वाहतुकीच्या जहाजांना सवलत मिळते; विदेशी वाहतुकीच्या जहाजांचे दर डॉलरमध्ये ठरविण्याचीही प्रथा पडली. रुपया घसरला की बंदराचे हे उत्पन्न आपोआप चढते. टगवरच्या खलाशाचा पगार मात्र रुपयातच मोजला जातो आणि तो आपोआप चढत नाही. २०२१ च्या नव्या कायद्यानंतर आपापले दर ठरविण्याचा अधिकार बंदरांच्या मंडळांकडे आला. पण टगचा खर्च नेमका किती आणि पायलटचा किती, हे सामान्य नागरिकाला दरपत्रकावरून आजही उमगत नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. पूर्वी टगबोटी बहुधा बंदराच्या स्वतःच्या असत आणि त्यांवरील सारंग, ड्रायव्हर, खलाशी हे बंदराचे कायम नोकर असत. जुन्या बोटी मोडीत निघाल्या तशा नव्या बोटी विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याची पद्धत वाढत गेली. भाडे ठरते ते दिवसावर. अमुक टन ओढण्याची शक्ती असलेली बोट, पाच-सात वर्षांचा करार आणि सर्वांत कमी दैनिक दर सांगणारा ठेकेदार, असा हा व्यवहार. सर्वसाधारणपणे इंधन बंदर पुरविते. बोट नादुरुस्त राहिली तर भाडे कापले जाते आणि वर दंड बसतो. बोट चालू स्थितीत हजर असली की त्या दिवशी तिने एक जहाज ओढले काय, पाच ओढली काय किंवा एकही ओढले नाही काय, दिवसाचे भाडे ठेकेदाराला मिळतेच.

यात काही गैर आहे असे नाही. टगची खरी किंमत तिच्या सज्ज राहण्यात आहे. आगीचा बंब रोज आग विझवीत नाही म्हणून कोणी त्याचा खर्च फुकट गेला म्हणत नाही. पण येथे मुंबईच्या गोदीचा जुना इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. एके काळी गोदी कामगार टोळीवाल्यामार्फत रोजच्या रोज भरला जाई. जहाज आले तर काम, नाही तर रिकाम्या हाताने घर. कामासाठी ताटकळत थांबणे हीदेखील सेवाच आहे, हे तत्त्व मान्य करून घेण्यासाठी कामगार चळवळीला दीर्घ काळ लढावे लागले. १९४८ च्या गोदी कामगार रोजगार नियमन कायद्याखाली योजना आल्या, तेव्हा कुठे नोंदणीकृत कामगाराला काम नसलेल्या दिवसाचा हजेरी भत्ता मिळू लागला. जे तत्त्व माणसासाठी झगडून मिळवावे लागले, ते यंत्राच्या मालकाला निविदेतल्या एका कलमाने सहजासहजी मिळून जाते. आणि त्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे काय, याविषयी तेच कलम गप्प असते.

ठेकेदाराचे गणित साधे आहे. सर्वांत कमी दर सांगितल्याशिवाय काम मिळत नाही. बोटीच्या कर्जाचा हप्ता बँकेने ठरविलेला, विमा ठरलेला, इंधन बंदराच्या खात्यावर, दंडाची रक्कम करारात लिहिलेली. मग दर खाली आणायचा तो कशातून? उरतात दोनच गोष्टी : देखभाल आणि पगार. देखभालीत फार काटछाट केली तर बोट बंद पडून दंड बसतो. म्हणजे सरतेशेवटी सारा भार येऊन पडतो तो खलाशांच्या संख्येवर, त्यांच्या पाळीच्या लांबीवर आणि वेतनावर. एखाद्या ठेकेदाराच्या दुष्टपणाचा हा प्रश्न नाही. सज्जन माणूसही या निविदेत उतरला तर त्याला हेच करावे लागेल.

ब्रिटनमध्ये टग ओढण्याच्या ज्या प्रमाण अटी दीर्घकाळ प्रचलित आहेत, त्यांत एक मोठी मौजेची तरतूद आहे. टग कामावर असताना तिच्यावरील खलाशी हे जहाजमालकाचे, म्हणजे टग भाड्याने घेणाऱ्याचे नोकर मानले जातात. हेतू उघड आहे. अपघात होऊन नुकसान झाले तर टगच्या मालकाने अंगाला लावून घेऊ नये. नुकसानभरपाईच्या वेळी हा खलाशी बड्या जहाजमालकाचा नोकर. पगाराच्या दिवशी मात्र तो पुन्हा छोट्या कंपनीचा. कायद्याला हवे तेव्हा धनी बदलता येतो, एवढाच याचा अर्थ.

अर्थात कंपन्या छोट्याच असतात असेही आता राहिलेले नाही. भारतात टग पुरविणारी ओशन स्पार्कल ही मोठी कंपनी २०२२ साली अदानी समूहाने घेतली. बंदरे चालविणारा आणि बंदरांना टग पुरविणारा समूह एकच, अशी ही स्थिती. मक्तेदारीचा हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. ऑस्ट्रेलियात स्विट्झर ही टग कंपनी २०२२ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहात होती. कामगार संघटनांशी २०१९ पासून चाललेल्या वाटाघाटी फिसकटल्यावर तिने १८ नोव्हेंबर २०२२ पासून १७ बंदरांतील ५८२ कामगारांसाठी बेमुदत टाळेबंदी जाहीर केली. सारा देश हादरला, कारण टग थांबली की बंदर थांबते. तेथील औद्योगिक न्यायाधिकरणाने अर्थव्यवस्थेला बसू शकणारा धक्का लक्षात घेऊन सहा महिन्यांसाठी ती टाळेबंदी रोखली. सहाशेहून कमी माणसांच्या हातात देशाचा व्यापार होता, हे त्या दिवशी सर्वांना कळले. त्यांच्या वेतनाचा करार इतकी वर्षे का रखडला होता, याची चर्चा तितकी झाली नाही.

टग किती वेळ जवळ ठेवायची, हाही शेवटी पैशाचाच प्रश्न असतो. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून ‘दाली’ हे जहाज निघाले. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. दोन टगबोटींनी त्याला धक्क्यापासून सोडविले आणि तिथल्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, पूल येण्यापूर्वीच, त्या माघारी फिरल्या. पुढे जहाजाची वीज गेली. पायलटने टगबोटींना मदतीसाठी हाक घातली, पण हाती काही मिनिटेच होती. जहाज पुलाच्या खांबावर आदळले आणि रात्रपाळीत पुलावरचा रस्ता दुरुस्त करणारे सहा स्थलांतरित मजूर प्राणास मुकले. टग सोबत असती तर ते वाचलेच असते असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. इतक्या मोठ्या जहाजाला इतक्या थोड्या वेळात आवरणे टगलाही अवघडच. पण पुलापलीकडे सोडेपर्यंत टग सोबत ठेवावी की नाही, हे जेथे खर्चाच्या हिशेबावर ठरते, तेथे त्या हिशेबात पुलावरचा मजूर कोणत्या रकान्यात लिहिला जातो?

कार्यकर्त्यांनी यातून काय उचलावे? ‘सर्व टग पुन्हा बंदराच्या मालकीच्या करा’ ही घोषणा तत्त्वतः योग्य असली तरी पुढच्या निविदेपूर्वी ती अंमलात येण्याची चिन्हे नाहीत. मधल्या काळात करण्यासारखे बरेच आहे. सरकारला करारात अटी घालता येत नाहीत, हा युक्तिवाद तर मुळीच मानू नये. भारतात बांधलेल्याच टग प्रमुख बंदरांनी भाड्याने घ्याव्यात, असे केंद्र सरकारने २०२० मध्ये ठरविले. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रदूषणमुक्त टगचा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात जवाहरलाल नेहरू बंदर, कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन या चार बंदरांनी किमान दोन-दोन अशा बोटी घ्यायच्या आहेत. बोटीचा आराखडा कसा असावा, तिच्या पोटात बॅटरी असावी की डिझेल, हे जर करारात लिहिता येते, तर तिच्यावर किती खलाशी असावेत, पाळी किती तासांची असावी, ठेकेदार बदलला तरी खलाशाची नोकरी आणि ज्येष्ठता कायम राहावी, हेही लिहिता येईल. त्यासाठी वेतनाची रक्कम दैनिक दराच्या स्पर्धेतून बाहेर काढून निविदेतच निश्चित केली पाहिजे. म्हणजे ठेकेदारांनी चढाओढ करायची ती कार्यक्षमतेत, भुकेत नव्हे. जोडीला टगचा खर्च आणि उत्पन्न पायलटच्या आकारापासून वेगळे करून बंदराच्या हिशेबात दाखविले गेले पाहिजे.

निविदेची कागदपत्रे बंदरांच्या वतीने जाहीर होतात आणि ती कोणालाही वाचता येतात. ती शेकडो पानांची असतात. बोटीची लांबी, इंजिनांची शक्ती, दंडाचे दर यांना त्यांत पानेच्या पाने दिलेली आढळतील. खलाशांविषयी काय लिहिले आहे ते प्रत्येक बंदरातील कामगार संघटनेने आणि पक्षाच्या शाखेने शोधून काढावे, आणि निविदापूर्व बैठकीत ठेकेदार आपले प्रश्न मांडतात त्याच्या आधी आपले प्रश्न बंदराच्या अध्यक्षांकडे लेखी पाठवावेत.