पूर्णाकाठचा प्रश्न आणि उद्याचे वैद्यक-संशोधक



श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल खांद्यावर वाहून आणणाऱ्या कावडी अकोल्याच्या जुने शहरात येतात आणि त्या जलाने श्रीराजराजेश्वराला अभिषेक होतो. त्याच पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांचा खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट आणि गावोगावी मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेली माणसे. या दोहोंचा संबंध ग्रामस्थ अनुभवाने सांगतात. परंतु दोष खारटपणाचा, पाण्यातील एखाद्या धातूचा, शेतातील फवारणीचा, उन्हातील कष्टांचा, की मधुमेह व रक्तदाबाचा? याचा निर्णय शास्त्रशुद्ध अभ्यासानेच होईल. तो अभ्यास करणारे वैद्यक-संशोधक कोठून यावेत, हा आजचा विषय आहे.

रुग्णाच्या खाटेपाशी उठलेला प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत नेणे आणि तेथे गवसलेले उत्तर पुन्हा रुग्णापर्यंत पोहोचविणे, हे अशा संशोधकाचे कार्य होय. महाराष्ट्रात त्याचे उज्ज्वल उदाहरण आहे. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर वैद्यकीय शिक्षण घेऊन कोकणात महाड परिसरात शासकीय सेवेत रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि कोवळी मुले दगावत. बावस्करांनी रुग्णांपाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांनी ओळखले. रक्तदाबावरील 'प्राझोसिन' ही साधी गोळी त्यांनी उपचारात आणली. १९८२ व १९८६ साली त्यांचे लेख 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर दंशात शंभरातील तीसेक रुग्ण दगावत. हे प्रमाण अगदी अल्प झाले. पुढे २०१० साली महाराष्ट्रातील एका छोट्या गावात पिण्याच्या पाण्यातील जड धातू व मूत्रपिंडाचा विकार यांचा वृत्तांतही त्यांनी मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

मात्र एखादा बावस्कर स्वतःच्या जिद्दीने घडतो, म्हणून समाजाने निश्चिंत राहणे योग्य नव्हे. पुढची पिढी जाणीवपूर्वक घडवावी लागते. प्रश्न नेमका कसा मांडावा, नोंद प्रामाणिकपणे कशी ठेवावी, संख्याशास्त्राच्या कसोटीवर निष्कर्ष कसा पारखावा, रुग्णाची संमती व प्रतिष्ठा कशी जपावी, हे सारे गुरूच्या सान्निध्यात शिकावे लागते. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात प्रबंध अनिवार्य आहे; पण तो पदवीपुरता लिहून फडताळात पडला, तर शिक्षण अपुरेच म्हणावे लागेल.

साधने अगदीच नाहीत असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधनाची छात्रवृत्ती चालविली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा आरोग्यव्यवस्थेत काम करावे लागते. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कृषी विद्यापीठही येथेच आहे. माती-पाणी जाणणारे आणि रोग जाणणारे एकाच नगरीत नांदत असताना त्यांच्या विद्यार्थ्यांनी खारपाणपट्ट्यातील गावे एकत्र अभ्यासावीत, याहून स्वाभाविक ते काय? त्यासाठी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतून तरुण डॉक्टरांना राखीव वेळ आणि ज्येष्ठांचे मार्गदर्शन मिळाले पाहिजे.

शेवटचा प्रश्न घराघराचा आहे. डॉक्टर झालेली कन्या "दवाखाना थाटण्यापूर्वी चार वर्षे संशोधन करीन" म्हणाली, तर घर तिच्या पाठीशी उभे राहील काय? मिळकत उशिरा येईल, यश अनिश्चित असेल. तरीही तिला दिलेला आधार ही पूर्णाकाठच्या रुग्णांचीच सेवा ठरेल. कावडीची दोन्ही भांडी समतोल असली, तरच वाट चालता येते. रुग्णसेवा आणि सत्यशोधन यांचा असा भार पेलणारे खांदे या वऱ्हाडातूनच घडोत.