छापखाना खिशात आलाय

(कासू येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



ह्या हायवेनं सरळ खाली गेलं की महाड. 20 मार्च 1927ला तिथं आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यापायी डोकी फोडून घेतली. दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढलं. आपल्या फुटलेल्या डोक्याची बातमी दुसऱ्याच्या पेपरात नीट येत नसते. 1920 साली ‘मूकनायक’ निघालं तेव्हा तर ‘केसरी’नं पैसे देऊनही त्याची जाहिरात घेतली नव्हती. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं लिहिले. तरी 1929ला ते बंद पडलं. लेखणी होती, पैका नव्हता.

माझंच सांगतो. कवितांचं पुस्तक काढायला गेलो तर छापखानेवाला म्हणाला, पाचशेच्या खाली परवडत नाय. बायकोची बांगडी गेली. शंभरेक प्रती खपल्या, बाकीचे गठ्ठे खाटेखाली. वाळवीनं वाचले. तिच्याइतकं मन लावून समीक्षकांनी वाचलं नाही.

आता युनिकोडमुळं साध्या फोनवर मराठी टाईप होतं. खिळे जुळवणारा नको, संपादकाची मेहरबानी नको. कासूतली कविता रात्रीत किनवटला पोचते. कागदावर पाहिजे तर पन्नास प्रती काढा, मागणी आली की आणखी पन्नास. बांगडी हातातच राहते.

वाचणाऱ्याचं बघा. पूर्वी 6 डिसेंबरची वाट बघायची, चैत्यभूमीला जायचं, शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरनं पिशवी भरून आणायची. ते आजही करावंच. पण वर्षातले बाकीचे दिवस? बाबासाहेबांच्या खंडांची सरकारी छपाई इतकी रखडली की 2021ला मुंबई हायकोर्टाला आपणहून दखल घ्यावी लागली. तेच खंड आज फोनवर उतरवता येतात. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवर 2017पासून कॉपीराईट उरलेला नाही. खुशाल वाटा.

पण सगळंच वाटू नका, भावांनो. परवा आपल्याच एका पोरानं ग्रुपवर एका जिवंत लेखकाचं अख्खं पुस्तक टाकलं. वर लिहिलं, ‘जयभीम, पुढे पाठवा.’ तो लेखक आपलाच. प्रकाशकही आपलाच, त्याला ना दुकान ना गोडाऊन, घरातलं एक टेबल. दोनशे रुपयांचं पुस्तक सगळ्यांनी वाचलं, विकत कुणी घेतलं नाही. दुसरं पुस्तक तो काय विकून काढणार? आपला आवाज परके दाबायचे ते कळत होतं. हे आपणच करतोय, तेही जयभीम घालून! मीही फुकटच वाचलं. मग लाज वाटली, दोनशे रुपये पाठवले.

आणि नुसते पानांचे फोटो काढून टाकू नका. फोटोत शब्द शोधता येत नाही. टाईप केलेला मजकूर फोन मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्या आजीला शाळेची पायरी चढू दिली नाही, तिच्या कानापर्यंत ‘मूकनायक’ असा जाईल. ते कोण करणार? सरकार?

माझ्या पुस्तकाची एक प्रत वाळवीतून वाचलीय, कडेची अक्षरं गेलीत. टाईप करायला दोघं पाहिजेत. शिवाय वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं जलशाच्या गाण्यांच्या वह्या आहेत, त्या आधी घेऊ. रविवारी दहाला या. फोन चार्ज करून आणा.