एक व्होल्टची वीज

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आठवणी चालल्या आहेत आणि त्या सांगायचं काम इतरांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. समितीने मला वेगळं काम दिलं आहे. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या प्रयोगशाळेला दहा एफपीजीए बोर्ड द्यायचे ठरत आहेत. कोणता बोर्ड घ्यायचा यावर आपल्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा झाली. त्याला वीज कशातून द्यायची, यावर मात्र एकच ओळ आली : "कोणताही पाच व्होल्टचा अडॅप्टर चालेल, दीडशे रुपयांत मिळतो." दहाही बोर्ड पहिला पावसाळा काढतील की नाही, हे त्या ओळीवर अवलंबून आहे. म्हणून आज फक्त तिच्यावरच बोलतो.

आधी ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी. एफपीजीए म्हणजे अशी चिप, जिच्या आतलं सर्किट आपण कारखान्याबाहेर, टेबलावर बसून ठरवतो. सकाळी तिच्यात घड्याळ बनवा, दुपारी तीच चिप ट्रॅफिक सिग्नल होते. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली पहिली अशी चिप काढली. तिच्यात ६४ लॉजिक ब्लॉक होते आणि ती ५ व्होल्टवर चालत असे. अकरावी-बारावीला ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स हा द्विलक्षी विषय घेतला होता, त्यांना ५ व्होल्ट म्हटलं की लगेच ७८०५ आठवेल. तीन पायांचा, पाठीला पत्रा असलेला. त्या काळी प्रश्न तिथेच संपत होता.

आपण जो बोर्ड पाहतो आहोत त्यावरच्या आर्टिक्स-७ चिपमध्ये लॉजिक सेल तेहतीस हजारांवर आहेत. इतक्या बारीक ट्रान्झिस्टरांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. शिवाय चिपमध्ये होणारा विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाचाचा एक केला की तेवढ्याच कामाला पंचविसावा हिस्सा पुरतो. म्हणून या चिपचा गाभा १ व्होल्टवर चालतो. त्याच्या जोडीला पूरक सर्किटांसाठी १.८ व्होल्ट आणि बाहेरच्या पायांसाठी ३.३ व्होल्ट लागतात. एका चिपला तीन वेगळ्या वाटांनी वीज जाते, आणि गाभ्याच्या १ व्होल्टला मुभा पाच टक्क्यांची आहे. म्हणजे ०.९५ ते १.०५. आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या मीटरवर संध्याकाळी काय दिसतं ते आठवा, म्हणजे ही चिप किती नाजूक आहे ते कळेल.

आता कोणी म्हणेल, ५ व्होल्ट आहेतच, जुन्या पद्धतीने उतरवून घेऊ. हिशेब करून पाहू. लिनियर रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. गाभ्याला ३ अँपिअर लागले तर चिपला मिळतात ३ वॅट, आणि वरचे ४ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, म्हणजे १२ वॅट, पत्रा तापवण्यात जातात. पाच पोती कापूस निघाला आणि चार वाटेतच उडाला, असला हा व्यवहार. शिवाय आपला लाडका एलएम३१७ सव्वा व्होल्टच्या खाली उतरतच नाही, तेव्हा १ व्होल्टसाठी तो मुळातच बाद. म्हणून इथे बक कन्व्हर्टर वापरतात. तो वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो आणि कॉइल व कपॅसिटर मिळून तिची सरासरी काढतात. तेवढ्याच कामात तो साधारण अर्धा वॅट वाया घालवतो. चांगल्या शिकाऊ बोर्डवर हे कन्व्हर्टर आधीच बसवलेले असतात.

बसवलेले असतात ते चिपच्या अगदी शेजारी. हे का, ते समजायला आपल्या बोरीत पुस्तकाची गरज नाही. डीपीजवळच्या घरात बल्ब पांढरा आणि लाइनीच्या टोकाच्या घरात पिवळा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तार लांब, करंट मोठा, की वाटेतच व्होल्टेज गळतं. बोर्डवरही तेच. १ व्होल्टवर १० अँपिअर न्यायचे असतील आणि वाटेत फक्त ५ मिलिओहम रोध असेल, तर ५० मिलिव्होल्ट गळाले. पाच टक्क्यांची सगळी मुभा संपली. वीज ११ हजार व्होल्टने गावापर्यंत आणून डीपीवर उतरवतात, तशी बोर्डवर ती ५ किंवा १२ व्होल्टने आणतात आणि चिपच्या दारात उतरवतात. इतकं करूनही चिप एका क्षणात जास्त करंट मागते तेव्हा कन्व्हर्टरला हलायला वेळ लागतो. तेवढ्यापुरते चिपच्या पायांशी बारीक कपॅसिटर ठेवलेले असतात. नळाला पाणी येईपर्यंत घरातला रांजण भागवतो, तसे.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला सांगावी लागत नाही. रात्री लाइन आली की सगळ्या विहिरींवरच्या मोटारी ऑटो स्विचमुळे एकदम सुरू होतात आणि डीपी बसतो. या चिपचंही तसंच आहे. तिन्ही वाटा कशाही क्रमाने सुरू केल्या तर सुरुवातीला नको इतका करंट ओढला जातो. म्हणून बनवणाऱ्यांनी क्रम सुचवला आहे : आधी गाभ्याचा १ व्होल्ट, मग १.८, शेवटी ३.३. शिवाय ३.३ आणि १.८ या वाटांमधला फरक २.६२५ व्होल्टच्या वर फार वेळ राहता कामा नये अशी अटही आहे. चांगल्या बोर्डवर हा क्रम आपोआप पाळला जातो. सुटी चिप आणून स्वतः बोर्ड बनवायची हौस ज्या मित्रांना आहे, त्यांनी कागदावर आधी हा क्रम लिहावा आणि मग सोल्डरिंग गन हातात घ्यावी.

हे सगळं फार मोठ्या ठिकाणचं वाटू नये म्हणून सांगतो. आपल्याच महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिच्या नव्या यंत्रणेत आकाशातून आलेला संकेत अंकांत बदलून पुढे पाठवायला रोच नावाचे बोर्ड आहेत आणि त्यांवर व्हर्टेक्स-५ जातीची एफपीजीए आहे. तिचाही गाभा १ व्होल्टचाच. तिथे पुन्हा एक वेगळीच अडचण असते. बक कन्व्हर्टर सतत चालू-बंद होतो, त्याचा बारीक रेडिओ गोंगाट होतो, आणि दुर्बीण ऐकायला बसलेली असते ते त्याहून कितीतरी पटीने क्षीण. म्हणून अशा कामात गाभ्याला बक, पण संकेत मोजणाऱ्या नाजूक भागाला बकच्या पुढे एक छोटा लिनियर रेग्युलेटर, अशी जोडी लावतात. वर ज्याला मी बाद ठरवलं तो असा मागच्या दाराने परत येतो. थोडाच करंट आणि थोडाच उतार असेल तर त्याच्याइतकी शांत वीज दुसरं कोणी देत नाही.

आता आपल्या दहा बोर्डांकडे येऊ. बोर्डच्या आतलं सगळं बनवणाऱ्याने सांभाळलं आहे. आपल्याला फक्त बाहेरचे ५ व्होल्ट निवडायचे आहेत. बोर्डची मागणी ४.५ ते ५.५ व्होल्ट आणि निदान १ अँपिअर एवढी आहे. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबीतून हक्काने मिळतात ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. दिवे लावायच्या प्रयोगाला तेवढे पुरतील. त्याला मोटर किंवा डिस्प्ले जोडला की पुरणार नाहीत, आणि मग प्रोग्राम बरोबर असूनही बोर्ड मध्येच रीसेट होईल. पोरगं बिचारं रात्रभर स्वतःची चूक शोधत बसेल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. चुकीचं शिकवणारी वीज नको.

बाजारातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या एलिमिनेटरचं म्हणाल तर तो आपल्या गावात चालणार नाही. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि पुढे ७८०५ असं धरा. लाइन १६० व्होल्टवर आली की ९ चे सव्वासहा होतात. त्याचं शिखर पावणेनऊच्या थोडं वर, त्यातून डायोड दीडेक व्होल्ट खातात, उरले साडेसात. रिपलचे दीड-दोन गेले की ७८०५ ला लागणारे सात उरत नाहीत, आणि ५ व्होल्टचे साडेतीन-चार होतात. याउलट आत येताना १०० ते २४० व्होल्ट घेणारा स्विचिंग अडॅप्टर १६० वर काहीच कुरकुर करत नाही. तोच घ्यायचा. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा. अँपिअर जास्त असल्याने बोर्ड जळत नाही, तो हवा तेवढाच करंट घेतो. जळतो तो व्होल्टेज जास्त झाल्याने. अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का तेवढं पाहा. दीडशेवाल्यावर तो नसेल तर आत २३० व्होल्टची बाजू आणि मुलाच्या हाताची बाजू यांच्यात किती अंतर सोडलं आहे, याची खात्री कोणी देणार नाही. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

राहिली एक भीती, जी ग्रुपवर कोणाच्याच लक्षात आली नाही. वायफाय राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि त्यांची गोल पिन ५ व्होल्टच्या अडॅप्टरसारखीच असते. शाळेच्या ऑफिसात राउटर आहे. एखाद्या दिवशी अडॅप्टर सापडणार नाही, कोणीतरी ऑफिसातला आणून लावील, पिन छान बसेल. बोर्ड निवडताना जास्त व्होल्टेजपासून संरक्षण आहे का, हे पाहायला हवं. नसेल तर वीज यूएसबीच्या सॉकेटनेच द्यायची आणि गोल पिनची जागा पहिल्याच दिवशी चिकटपट्टीने बंद करायची.

तेव्हा खरेदीच्या यादीत माझ्याकडून एवढं लिहून घ्या : दहा नव्हे, बारा अडॅप्टर, सगळे एकाच जातीचे, कारण दोन हरवतीलच. दोन मल्टिमीटर. लाल चिकटपट्टी एक गुंडाळी. आणि इन्व्हर्टरची एक लाइन प्रयोगशाळेत, कारण वीज गेली की या चिपला आपण काय शिकवलं होतं ते आठवत नाही. फ्लॅश मेमरीतून तिला पुन्हा वाचून घ्यावं लागतं. विज्ञानाच्या मॅडम इथे बसल्या आहेत. पहिला तास बोर्डाशिवाय घ्यावा अशी त्यांना विनंती आहे. प्रत्येक मुलाने आपला अडॅप्टर मल्टिमीटरवर मोजावा, आकडा वहीत लिहावा, आणि मगच बोर्डाचा डबा उघडावा. इन्व्हर्टरच्या वायरिंगचं माप घ्यायला मी उद्या सकाळी दहाला शाळेत आहे. ज्यांची गाडी दुपारची आहे त्यांनी टेप धरायला यावं.