पाकिटावरचं नाव



लग्नपत्रिकेचं पाकीट आठवा.
कोपऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं…
आणि मधोमध, बोरूनं लिहिलेलं आपलं नाव.
छापील लेबलाला ती सर नाही.

असं नाव तुम्हीही लिहू शकता.

बोरूचं टोक तिरकं कापा.
लिहिताना ते एकाच कोनात धरा.
मग रेघ आपोआप उमटते…
कुठे जाड, कुठे बारीक.
देवनागरीचं देखणेपण या जाड-बारीक रेघेतच आहे.

आधी पेन्सिलीनं शिरोरेघ आखा… अगदी हलकी.
नाव मोठं लिहा, वळणदार लिहा.
वेलांटीला हवी तेवढी झेप घेऊ द्या.

पत्ता मात्र साधा ठेवा.
पोस्टमनला तो उभ्या उभ्या वाचायचा असतो.
म्हणून पुन्हा सांगते…
नाव सजवा, पत्ता साधा!

आणि पिनकोड.
तो सुरू झाला १९७२ साली.
कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची.
टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवीही!
त्यांचे हे सहा आकडे सुटे लिहा, ठळक लिहा.
तिथे नक्षी नको.

शाई पाण्यात न पसरणारी घ्या.
उजवीकडचा वरचा कोपरा तिकिटासाठी मोकळा सोडा.

शाई पूर्ण वाळू द्या…
मगच पेन्सिलीची रेघ पुसा.